विळ्याने उघडणारं घड्याळ

११ नोव्हेंबर १९५७

दुकानात रोज कोणाचं घड्याळ आलं, त्यात काय बिघडलं होतं, हे या वहीत माझा मुलगा चंद्रभान लिहायचा. श्रावणात तो विषमज्वराने गेला. तेव्हापासून पानं कोरी आहेत. कोरी पानं बघवत नाहीत असं लिहिणार होतो, पण ते खोटं होईल. बघवतात. काहीच होत नाही.

आज धामणखेड्याचा प्रेमदास आला होता. पूर्वी इथे हिंगणघाटात गिरणीत कामाला होता, आता गावी वस्तीतल्या मुलांना शिकवतो. मागच्या वर्षी ही मंडळी नागपूरला जाऊन बौद्ध झाली. आता त्यांनी छोटा विहार बांधला आहे आणि त्याच्या दर्शनी भिंतीला ठोके देणारं घड्याळ हवं आहे. विकतचं नको म्हणाला. मी विचारलं, "काऊन?"

"विकतचं बिघडलं का नागपूरले न्या लागते. अना आमच्या वस्तीत कोनता कारागीर येते? आमचं आमाले उघडता आलं पाह्यजे."

गोष्ट अशी की त्या गावात वेळ पाटलाच्या ओसरीवरच्या घंटेने कळते. मजुरांची सुट्टी सहाला ठरलेली. पण घंटा सहाला द्यायची की सातला, ते पाटलाच्या गड्याच्या हातात.

मी हो म्हटलं. का म्हटलं, माहीत नाही. तीस वर्षं मी घड्याळं बनवली ती माझ्याशिवाय कोणाला उघडता येऊ नयेत अशीच. आतल्या पट्ट्या रिबीट, म्हणजे न निघणारे खिळे, ठोकून पक्क्या करायच्या, उघडायच्या तर रिबीट कापावे लागतात, आणि ते कुठे कापायचे हे मलाच माहीत. चंद्रभान यावरून भांडायचा. रिबीट नको, फिरवून निघणारे पेच लावा, आपल्या मागे कोणाला तरी उघडता येईल, म्हणायचा. मी म्हणायचो, तुझ्या मागचं तू पाह्य.

२४ नोव्हेंबर

पाटीवर आकृती काढली. प्रत्येक चाकाला वेगळी पट्टी, म्हणजे एक चाक काढताना बाकीची गळ्यात पडणार नाहीत. सगळे पेच एकाच मापाचे. वजनाच्या जागी पत्र्याचा डबा आणि त्यात नदीतले गोटे. हरवले तरी वणा नदीत गोट्यांना तोटा नाही. चाकाचा आस जिथे फिरतो तिथलं भोक झिजत जातं, म्हणून तिथे पितळी बुश, म्हणजे बारीक नळी. झिजला की ठोकून बाहेर काढायचा, दुसरा बसवायचा. डझनभर जास्तीचे बुश थैलीत घालून घड्याळाच्या दारामागे टांगून ठेवायचे.

प्रेमदासला विचारलं, तुमच्याकडे पेचकस आहे का. तो हसायलाच लागला. "पेचकस कोठचा? इळा हाय घरोघरी."

मग पेचाच्या डोक्यावरची खाच विळ्याच्या टोकाच्या मापाची केली. माझा गुरू वरून बघत असेल तर त्याने कपाळाला हात लावला असेल.

हे सगळं गिऱ्हाईकाच्या सोयीसाठी आहे. चंद्रभान म्हणायचा त्याच्याशी याचा संबंध नाही.

८ डिसेंबर

व्याही नत्थूजी बोरगाव मेघेहून आले होते. कांता त्यांची मुलगी, माझी सून. माझी बायको जाऊन सहा वर्षं झाली, त्यामुळे घरात आता मी आणि कांता दोघंच. कांता एकवीस वर्षांची आहे.

नत्थूजींनी आधी चहा घेतला, मग कापसाचं बोलले, मग माझ्या तब्येतीचं. शेवटी म्हणाले, "इवाई, पुलगावले एक मानूस हाय. जिनिंगमंदी फिटर. बायको मेली त्याची मागच्या साली, लेकरू नाई. कांताले विचारून राह्यला."

आमच्यात विधवेचा पाट लागतो, त्यात कमीपणा नाही. पण सासरच्या माणसाने मोकळीक दिल्याशिवाय लागत नाही. म्हणजे माझ्या शब्दावर आहे.

मी म्हटलं, हातात मोठं काम आहे. घड्याळ झालं की सांगतो.

"होते का दोन महिन्यात?"

"होईल."

कांता चुलीपाशी होती. तिने ऐकलं असेल. भाकरी मात्र एकही करपली नाही.

५ जानेवारी १९५८

चाकं कापून झाली. दाते कानशीने घासतो आहे. हात आपोआप चालतात. दुपारी कांता जेवायला हाक मारते तेव्हा समजतं की दुपार झाली.

लोक म्हणतात, रूपराव, तुम्ही मन घट्ट केलं. मी काही केलेलं नाही. थंडीत सकाळी बोटं बधिर होतात, घासताना कानस लागली तरी रक्त दिसेपर्यंत कळत नाही. तसं आहे.

२३ जानेवारी

घड्याळ अडाण्याला उघडता येतं का ते बघायचं तर अडाणी माणूस पाहिजे. कांताला बसवलं. चौथी शिकलेली आहे, पण या कामाचा गंध नाही. हातात विळा दिला आणि म्हटलं, ठोक्याचं चाक काढून परत लाव.

सकाळी बसली ती दुपार कलली तेव्हा उठली. चाक उलटं लावलं होतं. बरं झालं. म्हणजे उलटं लागू शकतं हे कळलं. आता आसाची दोन टोकं वेगवेगळ्या जाडीची करतो, म्हणजे उलटं बसणारच नाही.

१ फेब्रुवारी

आज कांताला पाऊण तास लागला. वर म्हणाली, "मामाजी, हे चाक काढाले तो ठोक्याचा हातोडा काऊन काढा लागते?"

मी म्हटलं, काढावा लागतो म्हणून काढावा लागतो.

"हातोडा तिकडल्या अंगाले नेला तं? ते बी असंच म्हनत."

"कोण म्हणत?"

तिने चाक पुसायला घेतलं. बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत हे माझ्या लक्षात यायला जरा वेळ लागला. म्हणजे तो माझ्याशी भांडून घरात जायचा आणि उरलेलं हिला सांगायचा.

दोन दिवस मी तिच्याशी बोललो नाही. (हे ३ तारखेला लिहितो आहे.) मग हातोडा दुसऱ्या बाजूला नेला. तिचं बरोबर आहे.

१६ फेब्रुवारी

नत्थूजींचं कार्ड आलं. माझे हात पॉलिशने बरबटलेले, म्हणून कांतालाच वाचायला सांगितलं. तिने वाचलं. पुलगावची मंडळी विचारून राह्यली, आपला शब्द कळवावा, चि. कांताला आशीर्वाद.

उत्तरही तिच्याकडूनच लिहून घेतलं. म्हटलं, लिही, घड्याळ अजून झालं नाही, झाल्यावर कळवतो.

तिने लिहिलं. मागे घड्याळ चालू होतं. ते मागच्या सोमवारपासून चालू आहे आणि दिवसात अर्धं मिनिटसुद्धा चुकत नाही. पण ठोक्याचा हातोडा मला जरा हलका वाटतो. अशा वेळी झालं म्हणता येत नाही.

"अजून काई लिवू?" तिने विचारलं.

नाही म्हटलं. तिने कार्डावर पत्ता घातला आणि पेटीत टाकून आली.

२० मार्च

हातोडा बदलला. आता लंबकाची दांडी मनात भरत नाही. सागाची आहे, चांगली आहे, पण हिंगणीकडच्या जंगलातला साग जास्त मुरलेला असतो. तिकडून मागवली आहे.

प्रेमदास येऊन गेला. बुद्धपौर्णिमेला घड्याळ लागलंच पाहिजे म्हणाला. मी दांडीचं सांगितलं. तो घड्याळाकडे बघत राहिला. म्हणाला, "हे तं चालून राह्यलं, रूपरावजी."

चालणं वेगळं आणि होणं वेगळं, हे त्याला समजावून सांगितलं. त्याने मान डोलावली, पण जाताना कांताला काहीतरी विचारत होता. तिने उत्तर दिलेलं ऐकू आलं नाही.

१२ एप्रिल

दांडी आली. आहे त्या दांडीत आणि हिच्यात काही फरक नाही. बदलली.

कांता आता सबंध घड्याळ उघडून, पुसून, जागच्या जागी बसवते. अठरा मिनिटं. आज काम संपल्यावर पदराला हात पुसत म्हणाली, "मामाजी, याच्यात आता का राह्यलं?"

मी म्हटलं, सूचनांचा कागद राहिला.

कागद तिच्याकडूनच लिहून घेतला, अक्षर चांगलं आहे. कुठला पेच आधी, कुठलं चाक नंतर, बुश कसा ठोकायचा, डब्यात गोटे किती, दर महिन्याला प्रत्येक बुशाशी तेलाचा एक थेंब. चार वेळा वाचून घेतला. काही सुटलेलं नाही. घड्याळाच्या दाराला आतून चिकटवला.

४ मे

काल घड्याळ लागलं. बैलगाडीत गवताच्या गादीवर घालून नेलं, कांता ते धरून बसली होती.

लावण्याआधी प्रेमदास म्हणाला, वस्तीतल्या माणसाने एकदा उघडून दाखवावं. पुरुष एकमेकांकडे बघायला लागले. तेव्हा मनकर्णाबाई म्हणून एक म्हातारी पुढे झाली. साठी ओलांडलेली, जन्मभर निंदणी-कापणी केलेली. कमरेचा विळा काढला, कागद प्रेमदासला वाचायला लावला आणि ठोक्याचं चाक काढून हातावर घेतलं. सगळ्यांना दाखवलं. मग परत लावलं. "यात का हाय? जात्याचा खुटा बसवाले याच्याहून जास्त अक्कल लागते," म्हणाली. सगळे हसले.

सहा ठोके पडले तेव्हा कापसाच्या पऱ्हाटीच्या काड्या उपटायला गेलेल्या बाया शेतातून सरळ घरी आल्या. पाटलाची घंटा झाली तेव्हा त्यांच्या चुली पेटल्या होत्या. घंटा वाजली तशी एक पोरगी तोंडाला पदर लावून हसली, आणि मग सगळी वस्तीच हसत सुटली.

मला हार घातला. चहा दिला, जेवण दिलं, मी जेवलो. प्रेमदासचे डोळे भरून आले होते. ते बघून मला बरं वाटायला हवं होतं. हार गाडीत मांडीवर ठेवला होता तो उतरताना कुठे पडला ते आठवत नाही.

११ मे

नत्थूजींचं पुन्हा कार्ड. घड्याळ लागल्याचं त्यांना कोणीतरी सांगितलेलं दिसतं. आज उत्तर मीच लिहिलं, हात स्वच्छ होते. पावसाळ्यात लाकूड फुगतं, चाकं अडतात. एक पावसाळा निघाल्याशिवाय घड्याळ झालं असं आमच्या धंद्यात म्हणत नाहीत.

असं काही आमच्या धंद्यात नाही. पण लिहिलं.

६ जुलै

पाऊस. हत्यारांची पिशवी भरून दाराशी ठेवली आहे. धामणखेड्याचा निरोप आला की निघायचं. गाडीवाल्याला सांगून ठेवलं आहे.

२० जुलै

निरोप नाही.

१० ऑगस्ट

वणेला पूर. कोणी येणार नाही.

३१ ऑगस्ट

चंद्रभानचं वर्षश्राद्ध झालं. भटजी वेळेवर आले. कांताने पुरण घातलं होतं, त्याला आवडायचं म्हणून. मी दोनदा वाढून घेतलं. आपण जेवतो आहोत हे मला दिसत होतं.

२१ सप्टेंबर

प्रेमदास बाजाराला आला होता, असं गाडीवाला म्हणाला. दुकानात आला नाही. कांताने विचारलं, झाडायला पिशवी जरा सरकवू का? म्हटलं, असू दे तिथेच.

२५ ऑक्टोबर

काल न बोलावता धामणखेड्याला गेलो. कांतालाही घेतलं.

घड्याळ चालू होतं. पोहोचलो तेव्हा दहाचे ठोके पडत होते, माझ्या खिशातल्या घड्याळाशी बरोबर. मनकर्णाबाई पायरीवर तूर निवडत बसली होती. मी शिडी मागितली आणि दार उघडून बघितलं. आतलं सगळं मी लावलं होतं त्याहून लख्ख. एक बुश नवा. थैलीत अकरा उरलेले.

"हा कोनं बदलला?"

मनकर्णाबाई जरा ओशाळली. म्हणाली, "मीनंच. सांगू का नोको, बाप्पा. चूक आमचीच होती."

मग सांगितलं. घड्याळाला तेल द्यायची त्यांनी घरोघर पाळी लावली होती. कागदात महिन्याला एक थेंब, पण आपल्या पाळीला कंजूषपणा कोण करणार? ज्याची पाळी त्याने घरातून वाटीभर तेल आणायचं, जवसाचं. इकडे घरात दुसरं तेल असतंच कुठे? एकीने वाटी आणली तर दुसरीने तिच्याहून मोठी आणली. जवसाचं तेल हवेत सुकून लाखेसारखं घट्ट होतं. आषाढात सगळी चाकं जाम झाली, घड्याळ थांबलं. तीन दिवस पुन्हा पाटलाची घंटा. बाया सात वाजता घरी आल्या.

"मंग?"

"मंग का? इळा घेतला, सारं उकललं. लुगडे धुवाच्या राखेच्या पान्यात चाकं उकळली, काथ्यानं घासली, उनात वाळवली. कागद पाहून पाहून लावलं. एक दिवस गेला. आता शिवनकामाच्या मशीनचं तेल देतो, थेंबच."

कोणतं तेल, हे मी कागदात लिहिलंच नव्हतं. चार वेळा वाचून घेतलेला कागद. माझ्या दुकानात तेल म्हणजे बाटलीतलं तेल, म्हणून मनातच आलं नाही. चूक त्यांची नाही, माझी आहे.

हे तिला सांगायला हवं होतं. त्याऐवजी मी ओरडलो. "मले काऊन बोलावलं नाई? मी पिशवी भरून बसलो तिकडे चार महिने! एक मानूस धाडता येत नव्हता?"

आवाज एवढा चढला की मुलं बाहेर आली. प्रेमदास धावत आला. मनकर्णाबाई मात्र घाबरली नाही. सूप पुढे ओढलं आणि शांतपणे म्हणाली, "बोलवाचं कामच पडलं नाई, रूपरावजी. तुमी तसंच बनवलं ना."

मी शिडीवरून उतरलो. प्रेमदासने पाणी आणलं. अपमान झाल्यासारखा राग आला होता, आणि त्या रागाखाली दुसरं काहीतरी होतं, छातीत दुखल्यासारखं. चौदा महिन्यांत माझं काहीच दुखलं नव्हतं. मग कागदावर "शिवणकामाच्या मशीनचे तेल" एवढे शब्द मी माझ्या हाताने लिहिले आणि निघालो.

गाडीतून परत निघालो. नदीच्या उतारावर मी कांताला विचारलं, "पुलगावले जाचं हाय का तुले?"

"हो, मामाजी."

इतकं लगेच उत्तर येईल असं वाटलं नव्हतं.

"मंग इतके दिवस बोलली काऊन नाई?"

"तुमी घड्याळ झालं नाई म्हनत होते." ती नदीकडे बघत होती. "मी का म्हनू? माझ्याच हातानं लिवून घेतलं तुमी."

"अना ते झालेलं होतं."

"फेब्रुवारीतच झालं होतं."

लाज वाटली. या वहीत मागे जाऊन मी काय काय लिहिलं ते आज वाचलं. हातोडा, दांडी, साग, पावसाळा. तिने सगळं पाहिलं होतं आणि तरी रोज वेळेवर भाकरी वाढली होती. आता नत्थूजींना पत्र लिहितो. शब्द दिला, येऊन घेऊन जावं.

१९ नोव्हेंबर

कांता आज गेली.

नत्थूजी काल संध्याकाळीच आले होते, पाट त्यांच्याच घरी लागणार आहे. सकाळी मी तिला एक डबा दिला, लहान पेचकस, चिमटा, भिंग आणि तेलाची बाटली. नवऱ्याला म्हणावं, घड्याळ बिघडलं तर बाहेर देऊ नको. ती म्हणाली, "त्यायले कायले देऊ? मीच पाहीन."

वर्ध्याच्या मोटारीत नत्थूजी आधी चढून जागा धरून बसले. कांता माझ्या पाया पडली. म्हणाली, "मामाजी, येत जाजा. जवसाची चटनी केली हाय, मोठ्या बरनीत."

"येजो", पुन्हा ये, म्हणायचं होतं मला. एवढा एक शब्द. तो निघेना. आणि मग तिथे, स्टँडवर, हमालांच्या आणि बोचक्यांच्या मध्ये, मी रडायला लागलो. साधं डोळे पुसणं नव्हे. चंद्रभान गेला तेव्हा बायका रडल्या तसा, मोठ्याने. चंद्रभानचं नाव घेऊन. कांता पायरीवरून परत खाली आली आणि माझा हात धरून उभी राहिली. तीही रडत होती. माणसं गोळा झाली. मोटार सुरू होऊन घरघरत होती.

कंडक्टरने घंटीच्या दोरीवरचा हात काढला. तरुण माणूस होता, नवीन, मला ओळखत नव्हता. खाली वाकून हळूच म्हणाला, "बाबा, पोरगी सासरी चालली का?"

मी म्हटलं, हो.